कमानीखालचं दुकान

जुलैतली संध्याकाळ. सीएसएमटीतून बाहेर पडून तुम्ही हुतात्मा चौकाकडे निघालात आणि पाऊस कोसळायला लागला. छत्री नसली तरी बिघडत नाही. दादाभाई नौरोजी रस्त्यावर, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातल्या डी. एन. रोडवर, दुकानांपुढून दगडी कमानींची पडवी जाते. एका इमारतीची पडवी संपते तिथे पुढच्या इमारतीची सुरू होते. एका बाजूला दुकानांच्या काचा, दुसऱ्या बाजूला मोबाइल कव्हर, चार्जर आणि गॉगल विकणारे फेरीवाले, आणि मधून माणसांची दाटीवाटीची वाट. भर पावसात कोरडं राहून दुकानं बघत जाता येईल असे रस्ते मुंबईत फार नाहीत.

ही पडवी आपण वापरतो, पण तिच्याकडे बघत नाही. कधी मान वर केलीच तर ‘वा, काय हेरिटेज आहे!’ म्हणतो, एक फोटो काढतो आणि पुढे जातो. हेरिटेज म्हणजे म्युझियमसारखं काहीतरी आणि दुकान म्हणजे त्याच्या अगदी उलट, असं आपण मनात ठरवून टाकलेलं असतं. त्यामुळे जुन्या इमारतीत नवं शोरूम येणार म्हटलं की भांडण ठरलेलं. एक पक्ष म्हणतो, बाजाराने इतिहास गिळला. दुसरा म्हणतो, भाडं कोण देणार, इतिहास?

या भांडणात कुणाची बाजू घ्यायची हे ठरवण्याआधी हा रस्ता कसा घडला ते बघू. कारण तो घडवला दुकानदारीनेच.

तट पडला, रस्ता रुंदावला

फोर्टला फोर्ट म्हणतात, कारण तिथे खरंच किल्ला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबईचा मुख्य व्यापार तटबंदीच्या आत, अरुंद गल्ल्यांमध्ये चालायचा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा आला, माणसं आली. किल्ल्याच्या भिंतींचा आता संरक्षणाला उपयोग नव्हता, अडचणच होती. १८६२ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत हा तट पाडला गेला. पुढच्या काही दशकांत मोकळ्या झालेल्या जागेत आणि रुंद झालेल्या रस्त्यांवर नवं शहर उभं राहिलं.

आजचा डी. एन. रोड तेव्हाचा हॉर्नबी रोड. त्याच्या कडेने इमारती उभ्या राहू लागल्या तेव्हा १८९६ साली सरकारने एक नियम केला: या रस्त्यावरच्या प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी असलीच पाहिजे. वर काय करायचं ते मालकाने आणि त्याच्या वास्तुरचनाकाराने ठरवावं. म्हणून या रस्त्यावर गॉथिक टोकदार कमानी आहेत, ग्रीक-रोमन थाटाचे स्तंभ आहेत, घुमट आणि जाळ्या असलेली इंडो-सारासेनिक शैलीही आहे. एकीचा दुसरीशी मेळ नसायला हवा, पण तो आहे, कारण खालची पडवी सगळ्यांना समान आहे.

हा नियम नीट समजून घेण्यासारखा आहे. मालकाने आपल्या इमारतीचा एक पट्टा रस्त्यावरच्या कुणाही माणसासाठी मोकळा सोडायचा. ज्याला काही विकत घ्यायचं नाही, त्याच्यासाठीसुद्धा. बदल्यात मालकाला काय मिळायचं? उन्हातान्हातून, पावसातून चालणारा माणूस थेट त्याच्या दुकानाच्या काचेजवळून जायचा. मुंबईसारख्या शहरात, जिथे चार महिने पाऊस आणि उरलेल्यात बराच काळ ऊन, यापेक्षा चांगली जाहिरात कोणती? आज आपण ज्याला या रस्त्याचा ऐतिहासिक चेहरा म्हणतो तो दुकानदारीच्या सोयीतूनही आलेला आहे.

साहेबाच्या दुकानात खादी

त्या काचांमागे काय होतं? व्हाइटअवे लेडलॉ आणि इव्हान्स फ्रेझर ही मोठाली डिपार्टमेंट स्टोअर्स. कपडे, टोप्या, बूट, घरातलं सामान, सगळं एका छपराखाली. आजच्या मॉलचं हे आधीचं रूप. व्हाइटअवे लेडलॉमध्ये उधारी चालायची नाही, म्हणून लोक त्या नावाचा विनोद करायचे: ‘राइट अवे अँड पेड फॉर’, म्हणजे पैसे टाका आणि माल उचला.

मग देशात स्वदेशीचं वारं आलं, पुढे स्वातंत्र्य आलं. साहेबाचं व्हाइटअवे लेडलॉ गेलं आणि त्याच इमारतीत खादी भांडार आलं. इव्हान्स फ्रेझरच्या जागेत, म्हणजे जमशेटजी जीजीभॉय यांच्या जुन्या वाड्यात, हँडलूम हाउस आलं. ज्या कमानींखाली विलायती कापड विकलं जायचं, त्याच कमानींखाली हातमागाचं आणि चरख्यावरचं कापड विकलं जाऊ लागलं. आणि रस्त्याला नाव मिळालं ते इंग्रज राजवटीत हिंदुस्थानची संपत्ती कशी बाहेर वाहून जाते याचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाईंचं. हुतात्मा चौकाच्या टोकाला त्यांचा पुतळा आजही बसलेला आहे.

इमारतीच्या आयुष्यात दुकान बदलणं ही दुर्घटना नसते, हे इथे दिसतं. खादी भांडाराने साहेबाचे स्तंभ फोडले नाहीत, जिने काढले नाहीत. पाटी बदलली, माल बदलला, आणि इमारतीच्या इतिहासात एक पान वाढलं.

हँडलूम हाउसचं मात्र तसं झालं नाही. तिथे आग लागली आणि आतला भाग खाक झाला. नंतर पुढची जुनी भिंत राखून मागे नवी इमारत बांधली. समोरून बघितलं तर रस्त्याची ओळ तुटलेली नाही, हे खरं. पण आत गेलं की जुन्या घराचं काही उरलेलं नाही. जुनी इमारत वाचवली म्हणायचं की तिचा मुखवटा, हा प्रश्न ती भिंत रोज विचारते.

भाडं गोठलं, डागडुजी थांबली

मग एवढ्या चांगल्या इमारतींची दशा का झाली? याचं उत्तर शोधायला दगडाकडे नाही, भाडेपावतीकडे बघावं लागतं.

१९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या इमारतींची भाडी साधारणपणे १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू चांगला होता. युद्ध संपलेलं, फाळणी झालेली, शहरात जागेची टंचाई. भाडेकरूला रस्त्यावर काढता येऊ नये, हे योग्यच होतं. पण तो कायदा दशकानुदशकं चालूच राहिला. फोर्टातल्या मोक्याच्या गाळ्याचं महिन्याचं भाडं आज एका जेवणाच्या बिलाएवढं उरलं, तर मालक छताची गळती कशाला काढेल? भाडेकरू तरी दुसऱ्याच्या इमारतीवर पैसा कशाला घालेल? मधल्या मध्ये पागडीचा व्यवहार फोफावला. पैसा हातोहात फिरला, पण त्यातला एक रुपयाही छपरावर लागला नाही.

मग ज्याने त्याने आपापली सोय बघितली. उंच छताखाली पोटमाळे टाकले. लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवल्या. एसीची खोकी नक्षीदार कठड्यांवर ठोकली. यातल्या प्रत्येकाला आपापल्या परीने कारण होतं. सगळं मिळून इमारत विद्रूप झाली.

पाट्यांची मारामारी

१९९०च्या दशकात बाजार खुला झाला तसे मागून दिवे लावलेले प्लास्टिकचे मोठाले फलक आले. शेजाऱ्याची पाटी चार फुटांची झाली की आपली सहा फुटांची हवी. त्याने सहाची केली की आपली आठची. काही वर्षांत कमानी, स्तंभांची शीर्षं, दगडातली नक्षी पाट्यांच्या मागे गेली. गंमत अशी, की यात फायदा कुणाचाच होत नव्हता. सगळेच ओरडायला लागले की कुणाचाच आवाज ऐकू येत नाही. पण एकट्याने आपली पाटी लहान करणं म्हणजे धंद्यावर पाणी सोडणं.

१९९५ साली मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. शहरातल्या जुन्या इमारतींची यादी करून त्यांना श्रेणी देणारी आणि बदलांवर बंधन घालणारी भारतातल्या शहरांमधली ही पहिली नियमावली. तिच्यामुळे पाडापाडीला चाप बसला. पण ‘हे करू नका’ एवढंच सांगणारा कायदा दुकानदाराला ‘मग काय करू?’ याचं उत्तर देत नाही.

ते उत्तर या दशकाच्या अखेरीला डी. एन. रोडवर शोधलं गेलं. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी मुंबई महानगर प्रदेश वारसा संवर्धन सोसायटीच्या मदतीने या रस्त्याचा इमारतवार अभ्यास केला आणि एक मार्गदर्शिका तयार केली. तिचं म्हणणं सोपं होतं. पाटी लावा, पण कमानीच्या पोकळीत बसेल एवढी लावा. स्तंभ, कठडे, नक्षी झाकू नका. प्रत्येक इमारतीची कमान वेगळी, म्हणून पाटीची जागाही इमारत बघून ठरवा.

कायद्याच्या बडग्यापेक्षा इथे समजावणी जास्त कामी आली. रस्त्यावरचे दुकानदार, कंपन्या आणि रहिवासी यांची ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ उभी राहिली. दुकानदार तयार झाले, त्याचं एक कारण साधं आहे: शेजाऱ्याचीही पाटी उतरणार होती. सगळ्यांनी एकदम आवाज खाली आणला तर कुणाचंच नुकसान होत नाही. उलट कमान मोकळी झाली की दुकानाचं दार जास्त उठून दिसतं. २००४ साली या प्रकल्पाची युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये दखल घेतली गेली. त्याच वर्षी याच रस्त्यावरचं सीएसएमटी जागतिक वारसा यादीत गेलं.

बघा, १८९६ आणि या प्रयोगात शंभर वर्षांचं अंतर आहे, पण युक्ती एकच आहे. सगळ्यांना सारखा नियम आणि त्या नियमात धंद्याचाही विचार.

हा प्रश्न जुना झालेला नाही. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हव्यात, हा नियम २०२२ मध्ये अधिक कडक झाला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. मराठी पाटी हवीच. पण जुन्या इमारतीवर ती इंग्रजी पाटीच्या खाली आणखी एक फळी ठोकून लावायची, की त्याच कमानीच्या मापात नव्याने, देखणी घडवून घ्यायची? देवनागरीची शिरोरेषा कमानीखाली किती सुंदर बसू शकते, याचा विचार करायला आपल्याकडे सुलेखनकारांची वाण नाही.

इस्माईल बिल्डिंग

आता हुतात्मा चौकातल्या इस्माईल बिल्डिंगकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही दगडी इमारत. २०१७ साली तिथे झाराचं दुकान उघडलं. पाच मजले आणि पन्नास हजार चौरस फुटांहून जास्त जागा. महिन्याचं भाडं दोन कोटींच्या वर असल्याच्या बातम्या आल्या. उघडलं तेव्हा तिथे कपड्यांइतकीच इमारतीची चर्चा होती. काळवंडलेला दगड स्वच्छ झाला होता, कमानी मोकळ्या झाल्या होत्या.

अशी दुरुस्ती कागदावर सोपी वाटते, प्रत्यक्षात रोज तडजोड असते. मोठ्या कपड्यांच्या दुकानाला खरं तर खिडक्या नको असतात. भिंत मोकळी हवी म्हणजे रॅक लावता येतात, आणि दिवे आपल्या मर्जीचे हवेत म्हणजे रंग खुलतात. जुन्या इमारतीत तर खिडक्याच खिडक्या. दुकानाला एसीच्या जाड नळ्या छतातून न्यायच्या असतात, आणि छत तर दाखवण्यासारखं असतं. आगीपासून बचावासाठी जादा जिना हवा, लिफ्ट हवी, व्हीलचेअर जाईल असा उतार हवा. यातलं काही टाळता येत नाही, टाळूही नये. म्हणून चांगला संवर्धक प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न लावतो: उद्या हे काढायचं ठरलं तर खालचा मूळ भाग जसाच्या तसा सापडेल का? दगडात भोक पाडून बसवलेला रॅक आणि स्वतःच्या पायांवर उभा असलेला रॅक यांत हाच फरक.

हा प्रश्न किती कामाचा आहे ते २०२५ मध्ये दिसलं. झाराने ते दुकान बंद केलं. डिझायनर कपडे विकणारी दुसरी कंपनी तिथे आली. आठ वर्षं म्हणजे इमारतीच्या आयुष्यात एक डुलकी. भाडेकरू येतो आणि जातो. इमारत त्याच्या मापाने कापून बसवली असती, तर तो गेल्यावर हातात काय राहिलं असतं?

जिथे कुणीच आलं नाही

याच्या उलट गोष्ट काळा घोड्याजवळ उभी आहे. वॉटसन्स हॉटेल, आताचं एस्प्लनेड मॅन्शन. इंग्लंडात ओतीव लोखंडाचे भाग बनवून ते जहाजाने आणून १८६०च्या दशकात इथे जोडले. १८९६ साली, म्हणजे पडवीचा नियम झाला त्याच वर्षी, ७ जुलैला ल्युमिएर बंधूंचे चित्रपट याच हॉटेलात दाखवले गेले. भारतातला सिनेमा इथे सुरू झाला म्हणा ना. पुढे हॉटेल बंद पडलं. खोल्यांमध्ये वकिलांच्या कचेऱ्या आणि लहान दुकानं आली, जुनी भाडी, जुने वाद. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली.

ही इमारत वारसा यादीत होती. कायद्याने तिला पाडण्यापासून रोखलं, पण दुरुस्तीसाठी पैसा आणला नाही. ‘दुकान नको, शोरूम नको’ असं म्हणणं सोपं आहे. पण ज्या इमारतीतून काहीच कमाई होत नाही, तिच्यासमोर शेवटी लोखंडी टेकू आणि ‘धोकादायक’ची पाटी उरते.

दगड राहिला, दुकान गेलं

म्हणजे मोठा ब्रँड आला की सगळं भलं झालं का? इथे मला थांबावंसं वाटतं.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांचं संरक्षण काढलं. त्यांना बाजारभावाने भाडं द्यावं लागू लागलं. त्यातच अनेक कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलाकडे गेल्या. त्यामुळे फोर्टात मोठ्या जागा मोकळ्या झाल्या आणि मोठ्या कंपनीला जागा देणं मालकाला सोयीचं झालं: भाडं भरपूर आणि ताबा अडकायची भीती कमी. इमारतीच्या दुरुस्तीचा पैसा या गणितातून येतो, हे मान्य करायलाच हवं. पण या गणितात जुन्या फाउंटन पेनांचं दुकान, इराण्याचं हॉटेल, छापखान्याचा गाळा बसत नाही.

२०१६ मध्ये काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं. २०१८ मध्ये फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं. त्यामागे एकटं भाडं नव्हतं. आपण गाणी फोनवर ऐकायला लागलो, पुस्तकं ऑनलाइन मागवायला लागलो. म्हणजे त्यात आपलाही हात आहे. पण वारसा नियमावलीला कमान वाचवता येते, कमानीखालचा धंदा वाचवता येत नाही, ही गोष्ट उरतेच. रस्त्याचा चेहरा फक्त दगडाने बनतो की तिथे काय विकलं जातं आणि कोण विकत घेऊ शकतं यानेही?

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनने हा धडा आधीच दिलेला आहे. तिथला भाजीपाल्याचा आणि फुलांचा घाऊक बाजार १९७४ मध्ये दुसरीकडे हलवला. जुनी मंडई लोकांनी भांडून वाचवली आणि १९८० मध्ये ती दुकानं आणि कॅफेंसह पुन्हा उघडली. पर्यटकांनी फुललेली, देखणी जागा आहे ती. फक्त तिथे आता पोतं पाठीवर घेतलेला हमाल नाही.

आपल्याकडे क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई, डी. एन. रोडच्या उत्तर टोकाशी उभी आहे. १८६९ मध्ये पुरी झालेली, विल्यम इमर्सनने आखलेली, लॉकवुड किपलिंगच्या शिल्पांनी सजलेली. तिच्या पुनर्विकासाचा खासगी प्रस्ताव वादात सापडून मागे पडला आणि नंतर महापालिकेने जुन्या दगडी इमारतीची डागडुजी हाती घेतली. आजही तिथे आंबे विकले जातात, केकच्या साच्यांपासून कुत्र्याच्या पट्ट्यापर्यंत सगळं मिळतं, भावावरून हुज्जत चालते. गैरसोयी अनेक आहेत. पण मंडई अजून मंडईच आहे.

पडवीत कोण उभं राहू शकतं

मला वाटतं, जुन्या इमारतीत नवं दुकान आलं की आपण तीन गोष्टी बघाव्यात. काय झाकलं आहे आणि ते पुन्हा उघडता येईल का? भाड्यातला पैसा छप्पर आणि पाइपांपर्यंत पोचतो आहे की फक्त काचेच्या दारापर्यंत? आणि तिसरी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी: ज्याला काही विकत घ्यायचं नाही, त्याला तिथे अजून उभं राहता येतं का?

कारण १८९६ चा नियम मुळात त्याच्यासाठी होता. मालकाने थोडी जागा सोडायची, चालणाऱ्याने कोरडं राहायचं आणि त्यातल्या एखाद्याने काचेत डोकावून आत शिरायचं. शंभर जणांतले नव्याण्णव नुसते निघून जातील, हे त्या हिशेबात धरलेलं होतं. पडवीला काच लावून तिचा कॅफे केला किंवा दाराशी सुरक्षारक्षक बसवून तिथे रेंगाळणाऱ्यांना हुसकलं, तर वरची नक्षी कितीही नीट धुतलेली असो, नियमाचा जीव गेलेला असतो.

पुढच्या वेळी डी. एन. रोडवर पावसात अडकलात तर फोन खिशात ठेवून दोन मिनिटं वर बघा. कमानीचा दगड कुठे सुरू होतो, पाटी कुठे संपते, मधे कुणी भोक पाडून वायर नेली आहे का. मग शेजारी बघा. तिथे भिजलेली छत्री झटकणारी बाई असेल, ऑफिसची बॅग छातीशी धरलेला कुणी असेल, टपरीवरचा चहा घेऊन उभा असलेला कुरिअरवाला असेल. त्यातलं कुणी आत शिरेल, बरेचसे शिरणार नाहीत. पाऊस थांबेपर्यंत ती जागा त्या सगळ्यांचीच आहे.